घरचा रोल

फोटोवाल्यांचं सगळं आयुष्य नासण्याशी भांडण्यात गेलं. दूध नासतं, भाजी सडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, तोसुद्धा नासतो, आणि तोही बाटलीत नुसता बसून, कुणाचं काही न करता, हे फोटोवाले सांगायला लागले की ऐकणारा "हो का?" म्हणून घड्याळाकडे बघायचा.

पुढे दुकान, मागे राहणं, आणि मधली बिनखिडकीची खोली म्हणजे डार्करूम. पूर्वी तिथे दिवसाला चाळीस रोल धुतले जायचे. तेव्हा डेव्हलपरला नासायला सवडच नव्हती. आता महिन्याला दोन आले तर आले, पाकीट मात्र पाच लिटरचंच. त्यातली अर्धीच पूड कालवावी म्हटलं तर तीही सोय नाही, कारण कुठलं द्रव्य पाकिटाच्या तळाशी जाऊन बसलंय देव जाणे. म्हणजे कालवायचं पाच लिटर, वापरायचं अर्धा लिटर, आणि बाकीचं डोळ्यांदेखत मरू द्यायचं. "जेवायला दोन माणसं आणि स्वयंपाक लग्नाचा!" असं ते चिडून म्हणायचे, आणि रोज म्हणायचे.

त्यांचा खरा वैरी म्हणजे हवा. बाटली थोडी रिकामी झाली की वरच्या जागेत हवा शिरते आणि डेव्हलपर खाते. म्हणून ते बाटलीत काचेच्या गोट्या टाकून पातळी पुन्हा तोंडापर्यंत आणायचे. पासष्टीचा माणूस दीडशे गोट्या मागतोय म्हटल्यावर दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "नातवंडं किती?" "बाटल्या आठ," फोटोवाले म्हणाले आणि तडक निघाले. एकदा त्यांनी बाटल्या फ्रिजमध्येही ठेवून पाहिल्या. बायकोने त्या काढून ओट्यावर रांगेने मांडल्या आणि एवढंच म्हणाली, "अहो, फ्रिजमध्ये एक तर ह्या राहतील, नाहीतर जेवण."

या बाईने एक्केचाळीस वर्षं दुकानाचा गल्ला सांभाळला, गिऱ्हाइकांच्या कॉलरी सरळ केल्या, रडक्या बाळांना हसवलं. कॅमेऱ्याला मात्र कधी हात लावला नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं, तसं कुणी विचारलंही नव्हतं. मागच्या वर्षी तिने कपाटातला एक जुना कॅमेरा काढला आणि रोल कसा चढवायचा ते विचारलं. फोटोवाल्यांनी एकदा दाखवलं, घाईघाईत. तेव्हापासून कॅमेरा तिच्या भाजीच्या पिशवीत फिरू लागला. काय काढतेस विचारलं तर म्हणायची, "धुतल्यावर दिसेलच की." छत्तीस फोटोंना तिने वर्ष लावलं. "एवढे मी चहा निवेपर्यंत काढतो," फोटोवाले म्हणायचे.

एका मंगळवारी दुपारी तिने रोल त्यांच्यापुढे ठेवला. "संपला. नीट धुवा हं."

"इतकी वर्षं काय वाईट धुतोय का?" असं म्हणून ते आत गेले. खरं तर त्यांनाही उत्सुकता होती.

जुन्या डेव्हलपरचं एक बरं होतं, तो मरायचा तो सांगून मरायचा. आधी पिवळा, मग कोऱ्या चहासारखा. चहा दिसला की ओतून द्यायचा. तो बाजारातून गेला आणि हा नवा आला. हा पाण्यासारखा नितळ, आणि मेल्यावरही तसाच नितळ. पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं, फोटोवाल्यांनी ते भिंग लावून वाचलंही होतं. म्हणून ते रोल टाकीत घालण्याआधी त्याचं बाहेर लोंबणारं टोक कापायचे आणि वाटीभर डेव्हलपरमध्ये टाकायचे. दोन मिनिटांत टोक काळंकुट्ट झालं तरच पुढचं काम. गिऱ्हाइकाचा एकही रोल त्यांनी हे केल्याशिवाय धुतला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी बाटली दिव्यापुढे धरली. नितळ. कालवून किती झाले, तीन महिने की चार? बूच तर घट्ट होतं. त्यांनी रोलचं टोक कापलं, वाटीकडे बघितलं, आणि टोक टोपलीत टाकून दिलं. घरचाच तर रोल होता.

अर्ध्या तासाने त्यांनी फिल्म टाकीतून काढली तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. त्यांचं टाळकंच सरकलं.

"अगं, रोल चढलाच नव्हता!" ते आतूनच ओरडले. "कॅमेऱ्याचे दात फिल्मच्या भोकांत बसलेत का बघ म्हणून सांगितलं होतं ना? वर्षभर नुसता खटका दाबत बसलीस!"

ती दारात आली. लोंबणाऱ्या फिल्मकडे तिने बराच वेळ बघितलं. "असेल," ती म्हणाली. "मला कुठे जमतंय हे." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

फोटोवाले फिल्म चुरगळणार होते, तेवढ्यात त्यांची नजर तिच्या कडेला गेली. फिल्मच्या कडेला एकापासून छत्तीसपर्यंत आकडे असतात. ते कारखान्यातूनच येतात, आणि कॅमेऱ्यात फिल्म सरकली नाही तरी धुतल्यावर ते उमटतातच. इथे एकही आकडा नव्हता. त्यांनी टोपली उपडी केली, ते टोक शोधलं, वाटीत तोच डेव्हलपर ओतला आणि त्यात टाकलं. दोन मिनिटं गेली, दहा गेली. टोक होतं तसंच राहिलं.

आधी त्यांना हवेचा राग आला, मग कंपनीचा, मग बारीक अक्षरांचा. मग राग करायला दुसरं कुणी उरलं नाही. बायकोने चूक पदरात घेतलीच होती, आणि आकड्यांचं तिला काही माहीत नव्हतं. गप्प बसलं असतं तर जन्मात कळलं नसतं. हे मनात आलं याचीच त्यांना लाज वाटली.

ती मटार सोलत होती.

"रोल नीट चढला होता," ते म्हणाले. "डेव्हलपर मेलेला होता. तुझं काही चुकलं नाही."

"टोक टाकून बघितलं नव्हतं?"

"नाही."

"का?"

"घरचाच म्हणून."

तिने परात बाजूला सरकवली. "गिऱ्हाइकाचा असता तर?"

"टाकलं असतं."

"पहिला फोटो कोपऱ्यावरच्या चावीवाल्याचा होता," ती म्हणाली. "साडेचारला त्याच्या पाठीवर सगळ्या किल्ल्यांच्या सावल्या पडतात. तीन आठवडे जात होते तिथे, तेव्हा ती वेळ सापडली. नववा तुमचा. डार्करूममधून बाहेर आलात की क्षणभर तुम्हाला काही दिसत नाही, तेव्हा काढला. आणि विसावा माझ्या ताईचा. औषधांनी केस गळायला लागले म्हणून तिने सगळे काढून टाकले, त्या दिवशीचा. घरात कुणाला समोर येऊ दिलं नाही तिने. मला म्हणाली, तू काढ."

फोटोवाले ऐकत होते आणि एकेक फोटो त्यांना दिसत होता. चांगले होते. इतकी वाट बघून काढलेला एकही फोटो त्यांच्या स्वतःच्या कपाटात नव्हता.

"बाकीचे?"

"बाकीचे नाही सांगणार."

"मी उद्याच नवं पाकीट आणतो. दुसरा रोल घाल, परत काढ—"

"आणि ताईला सांगू, परत टक्कल कर म्हणून?"

तिने परात पुन्हा मांडीवर घेतली आणि दोन-तीन शेंगा सोलल्या.

"काढणार आहे मी," ती खाली बघूनच म्हणाली. "पण पुढचा रोल मी दुकानाच्या दाराने आणणार. घरची म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. पावती फाडायची, आणि तिच्यावर माझं नाव घालायचं."