मैनाची डावी बाजू

हुसेनचाचांचा गुडघा माझ्यामुळं मोडला.

चाळीस दिवस हे लिहायचं टाळतोय. रोज नेटकॅफेत येतो, प्रोफाइल उघडतो, दुसऱ्यांचे फोटो बघतो आणि उठतो.

चाचा गेले त्याला चाळीस दिवस झाले, काल त्यांचा चाळिसावा झाला. आज नाही लिहिलं तर मग लिहिणारच नाही.

चाचा ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचे ते. पांढरी मैना त्यांचीच. तुमच्यातले बरेच जण तिच्यावर बसून मिरवलेत. अल्बम काढून बघा.

सगळे उजव्या बाजूनं चढलेत.

खरं तर घोड्यावर माणूस डावीकडून चढतो. कुठंही बघा. पण चाचा प्रत्येक नवरदेवाच्या बापाला सांगायचे, "उजवा पाय आधी रिकिबीत टाकायचा. शुभ असतंय."

बाप मान डोलवायचा. पुढं पुढं बाकीचे दोन-तीन घोडेवालेही तसंच करायला लागले. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मला मात्र पहिल्या दिवसापासून डाउट.

दोन हजार एक-दोनचा सुमार. मी बावीसचा. शिरोलीच्या फाउंड्रीतनं तिसऱ्यांदा काम सोडून चाचांकडं आलो होतो. वैरण, लीद, खरारा, सकाळी रंकाळ्यावर फिरवणं, सगळं माझ्याकडं. (रंकाळ्यावर मैनानं एकदा एका साहेबाच्या हातातली आख्खी भेळ खाल्ली होती. जाऊ दे, ते नंतर कधीतरी.)

सगळं माझ्याकडं, फक्त तिची डावी बाजू सोडून.

तबेल्यात ती डावं अंग भिंतीला लावूनच बांधलेली असायची. त्या बाजूचा खरारा चाचा स्वतः करायचे, तोही दार लोटून. बाहेर काढली की, फिरवायला असो की वरातीला, कपाळावर लाल गोंड्यांची झालर. डाव्या डोळ्यावर दुप्पट दाट.

"चाचा, ही आणली कुठनं?"

"बाजारातनं."

"कुठल्या?"

"घोड्यांच्या."

आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही?

माझी तर खात्रीच झाली. घोडी चोरीची. डाव्या गालावर जुन्या मालकानं खुणेला दिलेला डाग असणार. आणि वरातीत लगाम कुणाच्या हातात? माझ्या. पोलीस आले तर आधी कोण सापडणार?

पेठ वडगावच्या एका लग्नात ठरवलं, आज बघायचंच.

नवरदेवाला फेटा बांधत होते. बँडवाले वाद्यं जुळवत होते. चाचा चहाला गेले होते. मी आवाज न करता डावीकडं गेलो आणि झालर वर केली.

डाग नव्हता.

डोळा होता, दुधासारखा पांढरा. त्यातनं काहीही दिसत नसणार.

न दिसणाऱ्या बाजूनं तोंडावर हात आला म्हटल्यावर मैना गर्रकन फिरली आणि मागचे पाय झाडले. चाचा कप टाकून मध्ये घुसले. ती लाथ माझी होती. त्यांनी घेतली.

नवरदेवाचा बाप धावत आला. चाचा मातीत बसूनच म्हणाले, "काय न्हाय पावणं, माझाच पाय मुरगाळला. नवरदेवाला आणा. उजव्या बाजूनं."

मग मला म्हणाले, "तू धर लगाम."

दुसऱ्या दिवशी प्लास्टरमधला पाय पसरून खाटेवर बसले होते.

"बघितलास डोळा?"

"व्हय."

"काण्या घोडीवर कोण आपलं पोरगं बसवंल? अपशकुन म्हणतील. मग हिला खायला काय घालू?"

"मला वाटलं, चोरीची हाय."

"चोरीचीच आणायची तर दोन डोळ्यांची आणली असती की, येड्या."

मी हसलो नाही. तेच हसले.

"डावीकडनं जाताना बोलत जा. शिव्या दे, काय बी दे, पण गप जाऊ नको. आवाज आला की तिला कळतंय माणूस कुठं हाय."

तो गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. कोणी विचारलं की चाचा म्हणायचे, घसरलो. माझं नाव एकदाही घेतलं नाही. दोन महिन्यांनी मी तिथनंही पळालो.

काल चाळिसाव्याचं जेवून मागं तबेल्यात गेलो. रिकामा. झालर खिळ्याला टांगलेली.

चाचांचा मुलगा रफीक दारात उभा होता. ह्याला लहानपणापासून लिदीचा वास सोसत नाही, तबेल्यात पाय ठेवायचा नाही.

"मैना कुठाय?"

"दिली. वडगावचा पावणा घेऊन गेला."

"डोळ्याचं सांगितलंस?"

"तुला काय करायचंय?" असं म्हणून तो ताटं उचलायला गेला.

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. झालर इथं, घोडी तिथं. डोळा लपवायला दुसरं काय बांधलं असेल ह्यानं? डोळ्याचं खरं सांगितलं असतं तर मला उत्तर द्यायला काय झालं होतं?

म्हणून उघड लिहितोय. वडगावात कुणाकडं म्हातारी पांढरी घोडी नवीन आली असेल, तर तिच्या डावीकडनं गप जाऊ नका. बोलत जा. कुणाचा तरी गुडघा जाईल, आणि मार मैना खाईल.

चाचा, तुमचं गुपित फोडलं. माझंही फोडलं.

सलाम, चाचा. आता पाय पसरून निवांत पडा.

थांबा. पोस्ट करणार एवढ्यात कॅफेवाला ओरडला, "भावा, तुझं नाव घेत दारात कोण घोडं घिऊन आलंय बघ."

रफीक.

दारातनंच सांगतोय, "काल तू विचारलंस म्हणून आज जाऊन मी डोळा दाखवला, पावण्यानं माघारी लावली. आता हिला कुठं ठेवू, तूच सांग."

काचेतनं दिसतोय. झालर नाही, डोळा उघडा. मैनाच्या डाव्या बाजूला उभा आहे, तिच्या मानेवर हात ठेवून.

आणि गप नाही. तोंडानं सारखं काहीतरी चाललंय.