गोवळकोंड्याची ओटी

मला किल्ला हळूहळू चढता येत नाही. खरं तर मला काहीच हळूहळू करता येत नाही. चहा उकळेपर्यंत मी ओट्यापाशी थांबत नाही, आणि जामबागच्या कॉलेजात मुलं उत्तर शोधत बसली की मीच ते सांगून मोकळी होते. आई बरोबर उलट. त्यामुळे दर आषाढात गोवळकोंड्याला निघायचं म्हटलं की आमचं भांडण बरकतपुऱ्यातल्या घरातच सुरू व्हायचं, ऑटो दाराशी यायच्या आधी.

आमची कुलदेवता तुळजापूरची. पण आईच्या लग्नाच्या वर्षी वडिलांना कचेरीतून रजा मिळाली नाही, तेव्हा आजोबांनी फर्मान काढलं की नव्या सुनेने गोवळकोंड्याच्या जगदंबेची ओटी भरावी, देवी काही वेगळी नाही. आमच्या घरात एकदा केलेली सोय लगेच रीत होऊन बसते. तेव्हापासून दर वर्षी बोनालूच्या, म्हणजे मडक्यातून देवीला नैवेद्य वाहायच्या सणाच्या दिवसांत आई तीनशेच्या वर पायऱ्या चढून माथ्यावर जायची. डोक्यावर कडुनिंबाच्या डहाळ्या खोवलेली मडकी घेऊन तेलुगू बाया चढत असायच्या आणि त्यांच्यात आमची आई, कापडी पिशवीत खण, नारळ, तांदूळ घेऊन.

वडील होते तोवर चढताना इतिहास सांगत. आधी इथे काकतीयांचा मातीचा कोट होता, मग तो बहमनींकडे गेला, मग कुतुबशाहांनी मातीच्या जागी दगड घातला, महाल उठवले, अगदी वर बारादरी बांधली. ‘आणि एवढ्यांत देवीला कुणी ऊठ म्हटलं नाही,’ हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य. बारादरीच्या जरा खाली, मोठाल्या शिळांच्या आडोशाला ती आहे तिथेच आहे. मला यातलं निम्मंच ऐकू यायचं, कारण मी पन्नास पायऱ्या पुढे असायची.

सहा वर्षांपूर्वी वडील गेले. त्या आषाढात आई जाणार नाही असं मी धरून चालले होते. ती निघाली. ओटीचं सगळं सामान नेहमीसारखं पिशवीत भरलं, गुडघ्यांना तेल चोळलं आणि निघाली. वर रांगेत आमचा नंबर आल्यावर मात्र तिने पिशवी देवीपुढे केली नाही. शेजारच्या एका बाईच्या गळ्यातले काळे मणी बघून ती तिला म्हणाली, “अम्मा, जरा ये देवी को दे देते क्या?” ओटी सवाष्णीने भरायची, आणि आपण आता सवाष्ण नाही, असं तिचं म्हणणं. एवढा डोंगर चढून आलेली बाई बाजूला उभी राहिली आणि ज्या बाईला आमच्या घराचा पत्ता ठाऊक नाही तिने ओटी भरली. मला इतका राग आला की मी उतरताना आईशी एक शब्द बोलले नाही.

पुढची वर्षं हाच प्रकार. एकदा तर कमाल झाली. आईने जिला पिशवी दिली, त्या बाईला वाटलं ही म्हातारी आपलीच ओटी भरतेय. तेलुगू लोकांतही लेकीबाळींची अशी ओटी भरतात. बिचारीने तिथेच पदर पसरला, खण-नारळ सगळं बांधून घेतलं आणि आईच्या पाया पडून निघून गेली. मला हसू आवरेना. आई दोन दिवस जेवली नाही धड.

“तू स्वतः का देत नाहीस?” हे मी दर वर्षी विचारायची. “मी तर लग्नच केलं नाही, मग मी तर कुणाच्याच यादीत नाही. आपण दोघी मिळून देऊ.”

“तू नक्को डोकं खाऊ,” आई म्हणायची. “तिथले लोक काय म्हणतील?”

यंदा हे सगळं संपणार होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मी दिवसभर कॉलेजात. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्याला भावाकडे करायचं आणि आईने पुढे तिथेच राहायचं असं ठरलं. रविवारी भाऊ न्यायला येणार होता, म्हणून आम्ही गुरुवारी किल्ल्यावर निघालो. ऑटोत बसल्या बसल्या मी जाहीर केलं, “ही शेवटची ओटी. या वेळी तू तुझ्या हाताने देणार, नाहीतर मी गेटाबाहेर थांबते.” मेहदीपट्टणम येईपर्यंत आई पिशवीतलं सामान पुन्हा पुन्हा चाचपत होती. मग म्हणाली, “मलाही वाटतं गं. पण देवीच्या दारात कुणी हटकलं तर मला सोसायचं नाही.”

तिलाही वाटतं, हे ती पहिल्यांदाच बोलली होती.

पहिल्या दरवाजात नेहमीप्रमाणे लोक टाळ्या वाजवून आवाज वर पोचतो का ते बघत होते. मला त्या टाळ्यांचा भयंकर वैताग येतो. गर्दी, ढोल, दमट हवा, आणि आई काठी धरून एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी घेणार. मी पुढे जायची, वळणावर थांबायची, पुन्हा खाली यायची. तिच्या दुप्पट किल्ला मी त्या दिवशी चढले असेन. अंबारखान्यापाशी, म्हणजे जुन्या धान्यकोठारापाशी, तिचा उजवा गुडघा अडला तो अडलाच. पहाऱ्यावरच्या माणसाने तिला भिंतीशी बसवलं. “अम्मा, और उप्पर नक्को जाओ. रश बहुत है. इधरीच बैठो.”

आईने काही वेळ वर पाहिलं. मग पिशवी माझ्या हातात दिली. “चांगली एखादी बाई बघ. तिच्या हातून दे. तू नुसती सोबत राहा.”

मी उरलेल्या पायऱ्या कशा चढले मला आठवत नाही. रांगेत माझ्या मागे हिरव्या चुड्याची एक बाई होती, हसरी, ओटी द्यायला सांगितलं असतं तर आनंदाने हात पुढे केला असता तिने. मी सांगितलं नाही. मला भांडायचं होतं. सहा वर्षं मनात घोळवलेली वाक्यं तेलुगूत, उर्दूत, सगळी तयार होती. पुजाऱ्याने ‘तुम्ही कोण’ एवढं विचारायचा अवकाश होता.

माझ्या पुढे एक म्हातारी होती. कपाळ कोरं, गळा मोकळा, हातात बांगडी नाही. तिने डोक्यावरचं बोनम, म्हणजे नैवेद्याचं मडकं, स्वतः उतरवलं, स्वतःच्या हातांनी पुढे केलं. पुजाऱ्याने ते घेतलं, तिच्या कपाळाला हळद लावली. मागच्या कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं; जो तो पुढे सरकायच्या घाईत.

मग मी. पुजाऱ्याने पिशवीत डोकावून पाहिलं. “वडि बिय्यमा?” म्हणजे ओटी का. मी मान हलवली. त्याने नाव विचारलं, मी आईचं सांगितलं. त्याने तांदूळ, खण, नारळ देवीच्या पायाशी ठेवले, कुंकवाची पुडी माझ्या हातात दिली आणि पुढच्या बाईकडे वळला. बस. माझ्याशी भांडायला तिथे कुणी नव्हतंच. तो नियम किल्ल्याचा नव्हता, देवीचा नव्हता, तो बरकतपुऱ्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला स्वतःचीच चीड आली. सहा वर्षं मी आईवर चिडले, पुढे पळाले, वळणावळणावर पाय आपटत उभी राहिले, पण चार पायऱ्या आधी जाऊन पुजाऱ्याला विचारून येणं मला एकदाही सुचलं नाही. उतरताना वाटलं, खोटंच सांगावं, हिरव्या चुड्याच्या बाईने दिली म्हणून. रविवारी ती पुण्याला जाईल, तिथे हे उगाळत बसण्यापेक्षा समाधानाने जाईल. पण मला खोटं टिकवता येत नाही, तेवढा धीरच नाही.

आई तिथेच बसून होती. “कशी होती बाई?”

“मीच दिली.”

तिचा चेहरा उतरला. “कुणी काही बोललं?”

“नाही. माझ्या पुढे एक आजी होत्या. तुझ्यासारख्याच. त्यांनी स्वतःच्या हाताने बोनम दिलं.”

“आणि पुजाऱ्यांनी घेतलं?”

“घेतलं.”

आईने काठी जवळ ओढली. मग ती टेकून उभी राहिली आणि वरच्या पायऱ्यांकडे निघाली. मी म्हटलं, “अगं, आता तर हातात काही नाही.” तिने ऐकलं नाही. एका हाताने भिंत धरून चढू लागली. मी मागे होते, धरायला हात पुढे करून. सात पायऱ्या ती चढली. आठवीवर पाय उचलला, तो वर पोचलाच नाही. ती तिथेच बसली, बाजूने मडकी घेऊन बाया चढत राहिल्या.

“सहा वर्षं पाय चालत होते माझे,” ती म्हणाली.