आक्काची तहान

आमच्या आक्काला दर रविवारी तहान लागायची, आणि तीही सांगलीत नाही. कुठल्या तरी परक्या गावात, परक्या माणसाच्या दारात.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. टेलिफोन ऑफिसातल्या आम्ही चौघी ऑपरेटर सांगलीत दोन खोल्या घेऊन राहायचो. आक्का आमच्यात थोरली, चौतिशीची, बिनलग्नाची. आम्हा तिघींना स्थळं यायची. मुलगा येऊन पोहे खाऊन जायचा आणि आम्ही जीव टांगणीला लावून बसायचो. आक्काला ते मुळीच पसंत नव्हतं. "त्यानं तुला बगितली. त्याला कुनी बगितला?" असं म्हणून ती एसटी पकडायची आणि थेट मुलाच्या ओट्यावर जाऊन टेकायची. "पाव्हण्याचं घर घावंना बगा. वाईच पानी मिळंल का?" पाणी कोण आणतं, एवढंच तिला बघायचं असायचं.

लोणंदच्या एका मुलावर आमची शैला पार भाळली होती. आक्का तिथून चपला आपटतच परतली. "खाटंवर पडून रेडू ऐकत हुता. आय तापानं फणफणल्याली, आन् तिलाच हाळी मारतोय, बाईला पानी दे म्हून! सोड त्याला." शैला दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिनं नकार कळवला. पुढे उंब्रजच्या फौजी मुलाशी तिचं जमलं. भर मांडवात सासूनं आक्काला ओळखलं. "आवं, तुमी तर वाट चुकला हुता न्हवं?"

"घावली की!" आक्का म्हणाली आणि जिलेबीकडे वळली.

मग आक्कालाच स्थळ आलं. पाटणजवळचे एक मास्तर, बिजवर, मूलबाळ नाही. आता आक्का कधी एसटीत बसते याची आम्ही वाट बघत होतो. पण ती म्हणाली, "मी कशाला जाऊ? या वयात शोभतं का?" जगाच्या पोरांची परीक्षा घेणारी बाई स्वतःच्या वेळी गप्प! मला राहवेना. तिला न सांगता मीच गेले. खरं सांगते, मास्तर नापास व्हावेत असंच मला वाटत होतं. आक्का गेली तर आमचं कसं व्हायचं?

मी ओट्यावर टेकले, घर सापडत नाही म्हणाले. मास्तर स्वतः पाणी घेऊन आले, वर गुळाचा खडा. आणि हसून म्हणाले, "सांगलीच्या न्हवं तुमी? तुमच्या आक्का तीनदा येऊन गेल्या. पानी पितात आन् जातात. काय ठरलं, ते जरा इचारा की."

परतल्यावर मी आक्काला फैलावरच घेतलं. "तीनदा? आणि आमचे निकाल एका तांब्यात लावत होतीस!"

भाकरी थापता थापता ती थांबली. "मानूस सोनं हाय गं. खोट काडायला गेले, घावली न्हाई. पर परतीच्या एसटीत बसले की मला लय मोकळं वाटतंय. तिन्ही बारीला वाटलं. आता त्याला काय सांगू?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं मास्तरांना स्वतःच्या हातानं पत्र लिहून नकार कळवला. त्यानंतर तिची रविवारची तहान कायमची गेली.

वर्षभरानं मला साताऱ्याचं स्थळ आलं. "तूच जाऊन ये," आक्का म्हणाली. गेले. परत आले तर दारातच तिनं गाठलं.

"पानी कुनी दिलं ते ऱ्हाऊ दे. येताना एसटीत कसं वाटलं?"

"उंब्रज येईपर्यंत मागंच बघत होते," मी म्हटलं.

"मग कर," आक्का म्हणाली, आणि आत जाऊन स्वतः माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.