मेहुण्यांचं सोयर

निजामाच्या सबंध मुलखात शेळीच्या बाळंतपणाचं सोयर पाळणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. घरात मूल जन्मलं की दहा दिवस देवाला शिवायचं नाही, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण अंबडच्या अलीकडं एका खेड्यात राहणाऱ्या आमच्या या मेहुण्यांच्या वाडग्यात करडू जन्मलं तरी त्यांच्या देव्हाऱ्यातले देव पारोसे राहायचे. बरं, शेळ्या काही एक दिवस ठरवून वीत नाहीत. दिवाळी सरली की पहिली व्यायची, तिचे दिवस फिटतात न फिटतात तोच दुसरी, मग तिसरी. असं करीत पौष उजाडेपर्यंत मेहुणे अखंड सोयरात. ना दाढी, ना देऊळ, ना कुणाच्या घरची पूजा. एकदा पाटलांनी आग्रहानं सत्यनारायणाला बोलावलं तर हे उंबऱ्याबाहेरच उभे. जनावराचं सोयर माणसाला नसतं, देवाला चालतं, असं गुरवानं परोपरीनं समजावलं. मेहुणे म्हणाले, "देवाला चालत आसंल. माझ्या घरी बाळंतीण है, मला चालत न्हाई." आणि प्रसाद न घेताच परतले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, मत जरा वेगळं होतं. नवऱ्याला मुळात आंघोळीचाच कंटाळा, सोयर हे त्याला सापडलेलं निमित्त, असं त्या चारचौघांत सांगत.

घरची जमीन चांगली काळी, कपाशीची. पण मेहुण्यांचा जीव त्या मोजक्या शेळ्यांत. गाभण शेळीजवळ मोठ्यानं बोलायचं नाही हा त्यांचा दंडक, त्यामुळं दिवाळीपासून ते कुजबुजतच बोलत. ती सवय इतकी लागे की औताच्या बैलांनाही ते कानात सांगून वळवीत. समोरचा माणूसही नकळत कुजबुजू लागे. एकदा बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, तर लांबून बघणाऱ्यांना वाटलं, दोघं मिळून कुणाची तरी सोयरीक जुळवतायत. व्यायलेल्या शेळीला गूळ घातलेल्या बाजरीच्या कण्या, अंगावर गोणपाट, बाजूला शेगडी. वहिनी म्हणत, एवढं माझं झालं असतं तर मी अजून दोन बाळंतपणं काढली असती. या दिवसांत मेहुण्यांना झोप अशी नसेच, म्हणून ती मिळेल तिथं ते घेत: मेढीला टेकून, चूल फुंकताना, तोंडात घास धरून. बोलता बोलता डोळे मिटत, आणि उघडले की वाक्य सोडलं तिथून पुढं सुरू. ऐकणारा तोवर घरी गेलेला असे. एका बोकडाला त्यांनी माझं नाव दिलं होतं. मी जरा दुखावून विचारलं, तर म्हणाले, "गुण बघून न्हाई ठेवलं दाजी. चेहरा बघून."

अशा माणसाला आणायची पाळी माझ्यावर आली ती मुलीच्या लग्नात. लग्न मार्गशीर्षात, जालन्याला आमच्या घरी. मुलीला बोहल्याकडं आणायला मामा लागतो, आणि मामा हा एकच. "भाऊ आला न्हाई तर मी बी मांडवात येत न्हाई," असं बायकोनं बजावलं. शिधा, भांडी, पाहुणे यांनी माझा आधीच पिट्टा पडला होता, आणि मी ज्या कामाला हात लावीन ते दुसऱ्याला पुन्हा करावं लागत होतं; त्यामुळं मामाला आणायला छकडा घेऊन मीच जावं, यावर घरात फार लवकर एकमत झालं.

मेहुणे वाडग्यातच सापडले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सगळ्या शेळ्या मोकळ्या झाल्या होत्या, एक म्हातारी तेवढी राहिली होती. तिला दरसाल बोकडच होत, आणि बोकड शेवटी खाटकाच्या दारात जातात. तिच्या पोटची एक पाट, म्हणजे मादी करडू, मागं राहावी एवढीच मेहुण्यांची इच्छा. शेळीचं हे वेत बहुधा शेवटचं होतं. ती व्याल्याशिवाय हलता येणार नाही, असं त्यांनी कुजबुजत सांगितलं. आणि व्याली की, मी विचारलं.

"मंग सोयर. सोयरात मांडवात कसा येऊ?"

म्हणजे शेळी न व्याली तर मामा येणार नाही, आणि व्याली तरी येणार नाही. मी तिथंच गोणपाटावर बसलो. उद्याचा एक दिवस मध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी व्याली, आणि पाट झाली. मेहुणे कण्या आणायला आत गेले. पाट ओली, लुकडी, थंडीनं लटलट कापत होती. मला दया आली. माझ्या दयेनं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, पण त्या वेळी ते आठवलं नाही. मी तिला उचललं, उपरण्यानं कोरडं केलं, छातीशी धरून ऊब दिली आणि आईपुढं ठेवलं. शेळीनं वास घेतला, शिंकली, आणि लेकराला डोक्यानं ढकलून दिलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढकललं.

मेहुणे आले आणि दारातच थांबून त्यांनी नाक वर केलं. त्याचं असं की आदल्या सकाळी निघताना मी आमच्या मारवाडी शेठजींकडं आमंत्रणाला गेलो होतो. त्यांनी मनगटांना, उपरण्याला भरपूर अत्तर लावलं होतं आणि कानात फायाही खोचला होता. तो अजून तिथंच होता.

"दाजी," मेहुणे हळूच म्हणाले, "तुमी लेकराला नवरदेव करून ठेवलं."

शेळी पिल्लू ओळखते ती वासावर. आणि आईनं टाकलेलं इतकं लुकडं करडू वरच्या दुधावर तगत नाही. मेहुण्यांनी पाटीच्या पाठीला गूळ चोळला, मीठ चोळलं, शेळीची वारही तिच्या अंगावरून फिरवून पाहिली. शेळी ढुंकून बघेना. शेठजींचं अत्तर अस्सल होतं, यात शंका राहिली नाही. मेहुण्यांनी बोटानं थोडा चीक पाजला, तो अर्धा बाहेर आला. दुपार झाली. पाट उभी राहायची बंद झाली. मेहुणे गुडघ्यात डोकं घालून बसले, झोपले नव्हते. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेल्या आणि तिसऱ्यांदा नुसतं माझ्याकडं बघून गेल्या.

मग मेहुण्यांनी डोकं वर केलं. "कान पुढं करा."

मी कान पुढं केला. त्यांनी फाया काढला आणि शेळीच्या नाकपुड्यांवर, ओठांवर चोळला. आता तिला सगळं जग सारखंच वास मारणार होतं. "आता तिला तुमी बी तिचंच लेकरू वाटाल," ते म्हणाले, "पर तुमी पिऊ नका. शिंगं धरा." मी धरली. शेळीनं माझ्या पायावर पाय ठेवला तो काढलाच नाही. मेहुण्यांनी पाटीचं तोंड कासेला लावलं, ते गळून पडलं, पुन्हा लावलं. उन्हं कलताना कुठं पाटीची शेपटी थरथरली. शेळी झटकून टाकायची थांबली. मी शिंगं सोडली तरी उभीच राहिली, आणि मान वळवून घशातल्या घशात काहीतरी बोलली.

"प्याली," मेहुणे म्हणाले, आणि तिथंच आडवे झाले.

पहाटे सोयरावर काय बोलावं याची मी जुळवाजुळव करीत होतो, तर हे वाडगं वहिनींवर सोपवून, आंघोळ करून, दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून छकड्यात बसलेले. मी सोयराचं विचारलं.

"सोयर घरच्याला आसतं. भाची घरचीच है का न्हाई? मंग तिला बी सोयर, मला बी सोयर. दोघं बराबर. कोण कुणाला शिवतंय?"

हे भटजींपुढं बोलू नका, नाहीतर लग्नच मोडेल, असं मी हात जोडून विनवलं. ते जालन्यापर्यंत झोपले. गोरज मुहूर्तावर भाचीला बोहल्याकडं आणलं आणि मंगलाष्टकं सुरू होताच तिच्या मागं उभ्या उभ्या त्यांची मान तिच्या खांद्यावर आली. मामाला भरून आलं असं समजून पोरीनं शेवटपर्यंत तो भार पेलला.

सकाळी मुलगी सासरी गेली. मी झाडू घेऊन मांडव झाडू लागलो. झाडलेलाच मांडव पुन्हा झाडत होतो. मेहुणे परत निघायच्या घाईनं छकड्यात बसले होते, तरी खाली उतरले.

"झाडू ठेवा, दाजी. माझ्यासंगं चला. पोरगी गेली की घर लई मोठं दिसतंय. तिकडं कुणी ना कुणी वरडत तरी आसतंय."

घरात पाहुण्या होत्या, बायकोला निघता येईना. डोळे पुसत ती भावाला म्हणाली, "घेऊन जा ह्यांना. नुस्ते पायात येऊन राह्यले." चार दिवसांनी ती येणार होती.

मी गेलो. काय केलं म्हणाल तर काही नाही. आकडीनं बोरीची फांदी खाली ओढायची आणि शेळ्यांचं खाणं होईपर्यंत धरून उभं राहायचं. हात भरून आला की हात बदलायचा. पलीकडं मेहुणे दुसरी फांदी धरून उभे असत. मुलीचं नाव दोघांनीही काढलं नाही. शेळ्या पुढं गेल्या की आम्ही फांद्या सोडून देत असू, आणि त्या वर जाऊन बराच वेळ हलत राहत.