परग्रहावरचं शेवटचं प्रकरण

सत्तर सालच्या आसपास मी परग्रहांवरच्या साहसकथा पाडत असे. 'लिहीत असे' म्हणायला जीभ रेटत नाही. दिवसा कर्जतच्या कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी भिसेगावच्या दोन खोल्यांत बसून विश्वाचा संहार! साचा ठरलेला. एक विक्षिप्त शास्त्रज्ञ, त्याची देखणी मुलगी, एक बेडर तरुण आणि एक फितूर मदतनीस. तिसऱ्या प्रकरणात यान उडायचं, सातव्यात फितुरी, बाराव्यात मुलगी पळवली जायची आणि सोळाव्यात तो तरुण लाल बटण दाबून अख्खा ग्रह उडवून द्यायचा. मुलगी "नाथ!" म्हणून त्याला बिलगायची. खलास.

विज्ञान बेताचंच. घाट चढण्याआधी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन जोडतात, ते लहानपणापासून बघत आलेलो. त्यामुळे माझ्या प्रत्येक यानालाही आभाळ चढण्याआधी मागून एक इंजिन जोडलं जायचं. मुंबईच्या प्रकाशकांनी एकदा विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, "अहो, चढ आहे ना!" त्याशिवाय वर जाता येतं, हे मला खरंच सुचलं नव्हतं.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून पक्की प्रत बायको करायची. खालापूरकडच्या भातशेतकऱ्याची लेक, सातवी पास. अक्षर देखणं, लिहिणं शुद्ध, बोलणं मात्र थेट माहेरचं. लिहिता लिहिता मधेच थांबून विचारायची, "आवं, ह्या पोरीला दर खेपेला पळवून नेत्यात, तरी ही दाराला कडी का लावत नाय?"

मी खवळायचो. "तू फक्त उतरव गं!"

चौथ्या कादंबरीच्या वेळी घात झाला. दिवाळीच्या आत हस्तलिखित आलं नाही तर ही कादंबऱ्यांची मालिका दुसऱ्या लेखकाकडे जाईल, असं प्रकाशकांनी बजावलं होतं. चौदा प्रकरणं झाली आणि टायफॉइडनं मला आडवं केलं. किती दिवस शुद्ध नव्हती, ते बायकोलाच ठाऊक. भानावर आल्यावर मी बेशरमासारखा पहिला प्रश्न काय विचारावा? "मालिका गेली का गं?"

"नाय गेली. पुस्तक धाडलं मी टपालानं," ती पेज ढवळत म्हणाली. पुढं काही विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं.

मग प्रकाशकांचं पत्र आलं. या खेपेचा शेवट झकास साधलाय म्हणे, मालिका चालू ठेवा. मी चरफडलो. म्हणजे बायको माझ्याहून बरं लिहिते की काय! छापील पुस्तक आल्या आल्या शेवटची दोन प्रकरणं वाचून काढली. वाचतो तर काय, लाल बटण, ग्रहाच्या चिंधड्या, "नाथ!", सगळं हुबेहूब माझंच. खोटं कशाला बोलू, वाचताना थोडी छातीही फुगली.

"हे तू लिहिलंस?"

"छ्या! तुमच्या दुसऱ्या पुस्तकातनं उतरवलं. ग्रहाचं नाव तेवढं बदललं."

प्रकाशकांना कळलं नाही, वाचकांना कळलं नाही, आणि मलाही कळलं नाही! माझा पार पचका झाला. "मग स्वतःचं काहीतरी लिहायचं होतंस," मी चिडून म्हणालो.

"तुमी तापात व्हता तवा घेतलं व्हतं की लिवायला. तुमच्यासारखं जमेना, म्हणून ठेवून दिलं."

मी हट्टच धरला, तेव्हा तिनं ट्रंकेतून चार कागद काढून दिले. त्यात यान उडतच नव्हतं. फितूर नाही, बटण नाही. तरुण तापानं फणफणून पडलेला, आणि शास्त्रज्ञाची मुलगी त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवतेय. हाका मारतेय, तर तो तिला ओळखत नाही. चौथ्या पानावर वाक्य अर्ध्यातच तुटलं होतं.

ते चार कागद मी पुन्हा पहिल्यापासून वाचले. तरी साचा काही डोक्यातून जाईना. "अगं, पण शेवटी तो वाचतो ना?" मी विचारलं. "तेवढं तरी लिहून टाकायचंस!"

तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतले.

"तवा मला तरी कुठं म्हाईत व्हतं?"