दुर्बीण आणि दोनची गाडी

हे मी इतकी वर्षं टाळलं. बायकोला सांगणार होतो, तिच्या आजारपणात राहून गेलं. ती गेल्यावर, आता सांगण्यासारखं कुणी नाही, अशी मीच माझी समजूत घातली.

गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात मी दुर्बिणी धुवायचो. आतड्यात घालायची ती लांब काळी नळी आमच्याकडे एकच होती. एक पेशंट झाला की ती साबणाने धुवायची, आतल्या पोकळीतून ब्रश फिरवायचा, जंतुनाशकात बुडवायची आणि मग आतून-बाहेरून भरपूर साधं पाणी सोडायचं. ते औषध नळीत राहिलं तर आतडं भाजतं. मला हे पक्कं माहीत होतं.

सालेकसाकडचे पेशंट दोनच्या गाडीने परतायचे. गाडी चुकू नये म्हणून त्यांचं आधी उरकायचं, अशी आमची पद्धत. त्या दिवशी दुसरा नंबर तेंदूपत्ता तोडणाऱ्या एका बाईचा होता. दारातूनच ती म्हणाली,

"काऊन भाऊ, त्या नळीचं लगन हाय का? किती आंघोळ घालून राहिले!"

"झालंच, बाई."

"गाडी गेली त तुमच्याच घरी जेवाले येईन, सांगून ठेवते."

मी हसलो. नळी बाहेरून नीट धुतली, आतून पाणी एकदाच सोडलं. तिला गाडी मिळाली.

दोन दिवसांनी नवरा तिला परत घेऊन आला. पोटात कळा, रक्त पडत होतं. डॉक्टरांनी पुन्हा आत पाहिलं.

"परवा तर आतडं साफ होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "धुताना काही राहिलं का?"

"नाही, साहेब."

मग आतड्याचा जुनाट आजार आहे असं ठरलं. गोळ्या सुरू, तिखट बंद. रक्त लवकरच थांबलं. आजाराचं नाव मात्र तिला चिकटलं.

माझ्या निवृत्तीनंतर ती स्टेशनवर भेटली. ओळख तिनेच दिली.

"अजून मिरचीले हात नाही लावला, भाऊ. घरचे ठेचा खातेत, मी पाहून राहते."

तिची पिशवी मी डब्यात चढवून दिली. खिडकीपाशी उभा राहिलो. गाडी सुटायला बराच वेळ होता. पाणी आणू का, एवढंच विचारलं.

म्हणायचं होतं ते असं: बाई, तुम्हाला तो आजार नव्हताच. नळी मी नीट धुतली नाही आणि विचारल्यावर खोटं बोललो. मिरची खा. मला माफ करा.