तात्यांच्या कानाला ऐकू आलं ते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी गॅरेजमधल्या नटबोल्टाच्याही गोष्टी सांगत असतो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

पलूसला माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्या माझ्याकडं येतात. डिझेल गळो, पाणी गळो, ब्रेक ऑइल गळो — दुसऱ्यांनी हात टेकले की गाडी माझ्या दारात. 'गळती शोधावी तर ह्यानंच' असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं. फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

बिरूतात्या भूपालअण्णांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. अण्णा बेदाण्याचे व्यापारी, ट्रक जुना सहाचाकी. तात्या जतकडचे, मेंढपाळाच्या घरातले. तरुणपण मेंढरांमागं गेलं आणि पुढचं सगळं स्टिअरिंगवर. कळप नुसता समोरून गेला तरी कुठलं मेंढरू मागं राहिलं ते सांगणारा माणूस. अशा माणसाला मी — थांबा, क्रमानं सांगतो.

एक दिवस तात्या म्हणाले, ब्रेक ऑइल कमी होतंय. भरलं की दोन-तीन खेपांत पुन्हा कमी. बेदाणा घेऊन पुण्याला जाताना वाटेतल्या घाटातला बोगदा संपला की मोठा उतार लागतो, तिथं ब्रेकचं पायडल नेहमीपेक्षा खाली जात होतं. मी गाडी आत घेतली. चाकं खोलली, पाइप पुसून काढले, सगळ्या जोडांवर खडूची पूड मारली — ओल असेल तिथं पूड भिजते. खाली पुठ्ठे अंथरून गाडी तशीच उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी पूड कोरडी, पुठ्ठे कोरडे. तात्या पुन्हा आले, मी पुन्हा तेच केलं. काही सापडलं नाही.

तिसऱ्या वेळी अण्णाही बरोबर होते, आणि दारात दोन-चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. तात्या म्हणाले, "मिस्त्री, इंजन बंद करून केबिन हलवलं की म्होरल्या डबड्यात पानी डुचमळल्यागत आवाज येतोय बग." डबडं म्हणजे बूस्टर, ब्रेकच्या पायडलापुढचा तो पत्र्याचा गोल डबा. त्यात हवेची ओढ असते, तेलाचं तिथं काही काम नसतं. मी काय करायला हवं होतं? कान लावायला हवा होता. मी म्हणालो, "तात्या, तुमच्या कानात अजून मेंढरांची घुंगरं वाजत्यात." सगळे हसले. तात्याही थोडे हसले.

मग अण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मग तेल जातंय तरी कुठं? मला सापडत नाही — एवढंच म्हणायचं होतं. पण दारात माणसं उभी होती, आणि माझं नाव होतं. मी म्हणालो, "तेल कुठं जात न्हाई, अण्णा. तात्या भरायला इसरत्यात, आन् भरलंय असं त्यास्नी वाटतंय. वय झालं आता."

अण्णा भला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. तात्यांना शाल-श्रीफळ देऊन, चांगले चार शब्द बोलून घरी बसवलं. तात्यांनी किल्ली दिली आणि गावची एसटी धरली.

नवा ड्रायव्हर आला, आणि काही दिवसांत तीच तक्रार घेऊन माझ्या दारात उभा राहिला. तेव्हा मात्र मी ब्रेकचं तेल चाकांकडं ढकलणारा मास्टर सिलिंडर उतरवला, त्याच्या मागचा बूस्टर काढला आणि हातात घेऊन हलवला. आत तेल डुचमळलं. डब्यात पाणी डुचमळतं तसं — अगदी तसंच. सिलिंडरचं मागचं रबर गेलं होतं आणि तेल बाहेर एक थेंबही न पडता आतल्या आत तिथं साठत होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी चाकं धूत बसलो होतो. रबर बदललं, बूस्टरही दुसरा बसवला आणि जुना फळीवर टाकला. अण्णांना सांगितलं, रबरं जुनी होती, बदलली. त्यांनी जास्त विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, कुणाचीही होते. मीही स्वतःला तेच सांगायचो. पण ती चूक तिथवरच होती. त्यानंतरचं काय?

त्यानंतर तात्या आले होते. दिवाळी होऊन गेली होती. काखेत गुंडाळी होती, आणि माणूस पार वाळला होता. बाकावर बसून हळूहळू सांगत राहिले — दाराची कडी लावली का ते पुन्हा पुन्हा बघतो. मुलाची मेंढरं मोजतो, आकडा डोक्यात राहत नाही, परत मोजतो. नातवाला एकटा घेऊन बाहेर पडत नाही, कुठं बसवून विसरलो तर? आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"खरं सांग मिस्त्री. मी इसरत व्हतो न्हवं?"

गॅरेजात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. अण्णा नव्हते, चहा पिणारे ड्रायव्हर नव्हते. तो बूस्टर माझ्या मागं फळीवर पडलेला होता. नुसता हात मागं नेला असता तरी पुरलं असतं. काय गेलं असतं माझं?

"व्हय तात्या," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला. "तू बोललास म्हनून बरं झालं गड्या. न्हाईतर त्या उतारावर कुनाचं तरी घर बुडवलं असतं मी." मग गुंडाळी सोडली. घोंगडं होतं, घरच्या लोकरीचं. त्यांच्या म्हातारीनं सूत काढलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी त्यांच्या पाया पडलो, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

तात्या गेल्या वर्षी वारले. आपलं डोकं चालत नाही, असंच समजून गेले. त्यांचं डोकं शाबूत होतं. कान तर माझ्यापेक्षा चांगले होते.

घोंगडं घरात आहे. थंडी पडली की बायको ते माझ्या अंगावर टाकते, आणि मी पांघरून झोपतो.